शनिवार तेली व आमचा रविवार

गेल्या वैशाखांत आम्ही कांहीं कामानिमित्त देवगड तालुक्यांतील मिठबाव गांवीं चार दिवस होतों. ज्यांच्या घरीं उतरलों ते गृहस्थ हिंदु, धंद्यानें मच्छीमार व स्वभावानें मोठे अगत्यशील. रविवारीं दुपारीं त्यांनीं आम्हांस बांगड्याचें तिखलें करून घातलें. दुसऱ्या दिवशीं ताटांत डाळ, भात व सोलकढी एवढेंच होतें. वाढतां वाढतां बाईंनीं सांगितलें कीं, आज घरचा वार. कुणकेश्वराचें देवालय तेथून फार दूर नाहीं. त्या भागांत पुष्कळ घरीं सोमवारीं चुलीवर मासळी चढत नाहीं.

जेवणें आटोपल्यावर यजमानांनीं सुपारी कातरतां कातरतां विचारलें, "पाद्रीबाबानू, तुमचो वार खंयचो?"

आम्हीं रविवार म्हणून सांगितलें. त्या दिवशीं तुम्ही काय खात नाहीं, हा त्यांचा दुसरा प्रश्न. आम्हीं म्हटलें कीं, खाण्याचा निर्बंध आम्हांस नाहीं. त्या दिवशीं आम्ही आपलें काम बंद ठेवतों व देवाच्या उपासनेसाठीं एकत्र जमतों. हें ऐकून ते जरा वेळ गप्प राहिले. मग कोणताहि कुत्सितपणा मनांत न आणतां ते म्हणाले कीं, काल आयतवार होता, आणि तुमच्यांतले घाटावरून आलेले दोघे जण तर वरच्या बागेंत आंब्याच्या पेट्या भरीत होते.

वाचकहो, त्या दोघांस आम्ही ओळखतों. त्यांच्या मंडळीचे उपदेशक आम्हांस पूर्वींच पत्रानें विचारून चुकले होते कीं, हंगामाचे दोन महिने रविवारीं कामास जाणाऱ्या ह्या बांधवांस प्रभुभोजनापासून दूर ठेवावें किंवा कसें. पत्राचें उत्तर आम्हीं दिलें नव्हतें. खरें सांगावयाचें तर, तें उत्तर आम्हांस सुचत नव्हतें, व कामाची सबब पुढें करून आम्ही दिवस ढकलीत होतों. मिठबावच्या ओटीवर ती सबब संपली.

त्या रात्रीं आम्हांस ज्या लोकांची आठवण झाली ते ख्रिस्ती नव्हेत. ते ह्याच कोंकणकिनाऱ्यावरील, पण पुष्कळ उत्तरेस, पूर्वींचा कुलाबा व आतांचा रायगड जिल्हा येथील बेने इस्राएल लोक होत. ते धर्मानें यहूदी व बोलीनें मराठी. त्यांच्या परंपरेप्रमाणें त्यांच्या पूर्वजांचें जहाज अलिबागजवळील नवगांवच्या किनाऱ्यापाशीं फुटलें; सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच जिवंत बाहेर पडलीं, व बुडालेल्यांचीं प्रेतें तेथेंच पुरण्यांत आलीं. हें केव्हां घडलें याविषयीं विद्वानांचें एकमत नाहीं. त्यांच्यांतीलच इतिहासकार हाईम सामुएल केहिमकर यांनीं १८९७ सालीं लिहून पुरा केलेला ग्रंथ पुढें १९३७ सालीं तेल अवीव येथें छापून निघाला. त्यांत त्यांनीं असें मत मांडलें आहे कीं, हे लोक ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांत अंतियोख एपिफानेस राजाच्या अमदानींत स्वदेश सोडून निघाले असावे. ह्या लोकांस मंदिराच्या पुनःशुद्धीचा हनुक्का सण पूर्वीं ठाऊक नव्हता. म्हणजे तो सण सुरू होण्याच्या आधींच ते निघाले, असा त्यांचा तर्क. तर्क मोठा गोड आहे. तो सिद्ध झाला असें मात्र म्हणवत नाहीं.

तरी त्या काळाची आठवण करणें उपयोगाचें आहे. यरुशलेमांत तेव्हां ग्रीक रीतीरिवाजांचें वारें शिरलें होतें. ग्रीक आखाडे, ग्रीक नांवें, ग्रीक पोशाख हीं सुशिक्षितपणाचीं लक्षणें ठरलीं, व कित्येकांनीं तर सुंतेची खूणहि लपविली. त्यानंतर राजाचा हुकूम सुटला कीं, शब्बाथ पाळणें हा गुन्हा होय. ज्यांनीं तो मानला नाहीं ते मारले गेले, व त्यांतूनच मक्काबी लोकांचें बंड उठलें. येथें लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, हुकूम सुटण्यापूर्वींच पुष्कळांचा शब्बाथ सुटला होता. तलवार मागाहून आली.

कोंकणांत आलेल्यांवर कोणाची तलवार आली नाहीं. ह्या देशांत यहूद्यांस यहूदी म्हणून कोणीं छळलें नाहीं, ही गोष्ट ते स्वतः आजपर्यंत कृतज्ञतेनें सांगतात. त्यांनीं खेड्यांत घरें केलीं, तेलाचे घाणे घातले, शेतेंहि केलीं. गांवांवरून त्यांचीं आडनांवें पडलीं: दिव्यावरून दिवेकर, किहिमावरून केहिमकर, पेणवरून पेणकर, रोह्यावरून रोहेकर. त्यांच्या स्त्रिया मंगळसूत्र घालूं लागल्या. लग्नांत मेंदी आली. गोमांस त्यांनीं वर्ज्य केलें, आणि विधवेच्या पुनर्विवाहास आपल्या शास्त्राची आडकाठी नसतांहि शेजाऱ्यांप्रमाणें तो त्यांस कमीपणाचा वाटूं लागला. एलियाहू संदेष्ट्याच्या स्मरणार्थ ते मलिदा करतात. त्यांत पोहे, गूळ, ओलें खोबरें व फळें असतात. ह्यांत यरुशलेमाचें काय व कोंकणचें काय, हें निवडून दाखविणें कठीण.

इतकें घेतल्यावर राहिलें काय? इब्री भाषा विसरली गेली, शास्त्राचीं पुस्तकें हातीं नव्हतीं, शिकविणारा कोणी नव्हता. राहिली ती आठव्या दिवसाची सुंता, "शमा"चीं कांहीं वचनें, कांहीं सण व उपास, मासळीचा एक नियम, आणि शनिवार. शुक्रवारचा सूर्य मावळला कीं घाण्याचा बैल सोडावयाचा, तो शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत जुंपावयाचा नाहीं. म्हणून गांवकरी त्यांस शनिवार तेली म्हणत. हिंदु तेल्यांत सोमवारीं घाणा बंद ठेवणारे सोमवार तेली होतेच. तेव्हां ह्यांत शेजाऱ्यांस नवल वाटण्यासारखें कांहीं नव्हतें. ज्याचा त्याचा वार. आमच्या मिठबावच्या यजमानांनींहि हेंच गृहीत धरून आम्हांस प्रश्न केला होता.

मासळीच्या नियमाविषयीं एक कथा त्यांच्यांत सांगतात. दावीद रहाबी नांवाचा एक यहूदी प्रवासी त्यांच्या वस्तींत आला व हे खरोखर इस्राएलाच्या वंशाचे काय, अशी त्यास शंका आली. त्यानें बायकांपुढें निरनिराळ्या जातींची मासळी एकत्र करून ठेविली व ती रांधावयास सांगितलें. बायकांनीं पर व खवले असलेली मासळी तेवढी निवडून घेतली; बाकीची बाजूस सारली. लेवीयाच्या अकराव्या अध्यायांतील तो नियम त्यांनीं वाचलेला नव्हता. त्यांच्या बोटांस तो ठाऊक होता. ज्यांनीं किनाऱ्यावर मासळीचा वांटा पडतांना पाहिला आहे त्यांस हें चटकन् उमजेल. बांगडा व पेडवे एका बाजूस, आणि कोळंबी, कुर्ल्या व मुशी दुसऱ्या बाजूस. कोंकणांत राहून कुर्ल्यांचें कालवण पिढ्यान् पिढ्या नाकारणें ही लहान गोष्ट नव्हे! रहाबी केव्हां होऊन गेला याविषयींहि मतभेद आहेत, पण कथेचें मर्म त्यावर अवलंबून नाहीं.

येथें आम्हांस दानिएलाची आठवण होते. बाबेलांत त्यानें बेल्टशस्सर हें परकें नांव पत्करलें. नांवांत तेथील देवाचा उल्लेख असूनहि त्यानें तक्रार केली नाहीं. खास्द्यांची विद्या शिकला, राजाची चाकरी पत्करली. मात्र राजाच्या ताटांतील अन्न त्यानें घेतलें नाहीं. आमच्यांतील पुष्कळांस वाटतें कीं, विश्वास राखावयाचा तर सगळ्याच गोष्टींत वेगळें दिसलें पाहिजे: कपड्यांत, नांवांत, लग्नाच्या वाजंत्र्यांत. दानिएल व शनिवार तेली यांची रीत निराळी होती. पुष्कळ सोडून दिलें, थोडें धरून ठेविलें, आणि जें धरलें तें राजाच्या वाड्यांत किंवा बाजारांत सर्वांसमक्ष धरलें.

आतां जें सांगावयाचें तें आमच्या मिशनांशीं संबंधाचें आहे. अमेरिकन मिशनरी मुंबईंत १८१३ सालीं आले व स्कॉटलंडचे जॉन विल्सन १८२९ सालीं. बेने इस्राएल मुलें त्यांच्या शाळांत आलीं, कित्येक बेने इस्राएल त्या शाळांत शिक्षक झाले. विल्सनसाहेबांनीं १८३२ सालीं मराठींतून इब्री व्याकरण प्रसिद्ध केलें. जुना करार मराठींत त्यांच्या हातीं पडला तोहि मिशनरींच्या श्रमानें. ह्या सर्वांचा हेतु उघड होता. त्यांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं. परिणाम मात्र वेगळा झाला. ख्रिस्ती फारच थोडे झाले, आणि बाकीचे अधिक चांगले यहूदी झाले. जी गोष्ट ते परंपरेनें करीत होते तिचें कारण त्यांस पुस्तकांत सांपडलें. मुंबईंत सामुएल एझिकिएल दिवेकर नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें १७९६ सालीं त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलेंच होतें. पुढें रेवदंडा, अलिबाग, पनवेल येथेंहि मंदिरें झालीं, वल्हांडणाच्या विधीचें पुस्तक १८४६ सालीं मराठींत छापून निघालें, व हिंदु हरिदासांपासून घेतलेल्या कीर्तनांत अब्राहाम व योसेफ यांचीं आख्यानें गाइलीं जाऊं लागलीं. ह्याबद्दल आमच्या कित्येक वडीलधाऱ्यांस खेद वाटत असे. आम्हांस वाटत नाहीं. ज्यानें शास्त्र दिलें त्यानें तें कोणत्या उपयोगास लावावें याचा करार करून घ्यावयाचा नसतो.

पण पुस्तक आलें त्याच वाटेनें नोकरीहि आली. शाळेंत शिकलेला तेल्याचा मुलगा घाण्यावर परत कशास येईल? तो पलटणींत गेला, टपालांत गेला, रेल्वेंत व दवाखान्यांत गेला, सरकारी कचेरींत कारकून झाला. त्यांतून मोठीं माणसें निपजलीं, डॉ. ई. मोझेस हे १९३७ सालीं मुंबईचे महापौर झाले व त्यांच्या नांवाचा रस्ता मुंबईंत आजहि आहे. केहिमकर व त्यांच्या बंधूंनीं १८७५ सालीं मुंबईंत आपल्या लोकांची शाळा काढली, तींत इंग्रजीबरोबर इब्री शिकविण्याची सोय केली. तथापि सरकारी कचेरी रविवारीं बंद असे व शनिवारीं उघडी. तेव्हां ज्यांस शास्त्राचें अक्षरहि येत नव्हतें त्या आजोबांनीं शनिवार पाळला, आणि ज्यास इब्री वाचतां येत होतें त्या नातवास शनिवारीं सकाळीं डबा घेऊन गाडी गांठावी लागली.

आम्हीं मिठबावच्या यजमानांस ही सगळी हकीकत सांगितली. नातवाचें ऐकून ते हंसले व म्हणाले कीं, सोमवारीं मी मासळी खात नाहीं, पण सोमवारीं रापण ओढावयास जात नाहीं असें नव्हे. "खावचा माझ्या हातात आसा. रापण काय माझ्या एकट्याची न्हय."

ह्या एका वाक्यानें आमचें पुष्कळ काम केलें. घाणा तेल्याचा स्वतःचा होता. बैल त्याचा, उखळ त्याचें, गिऱ्हाईक ओळखीचें. शनिवारीं तेल मिळणार नाहीं हें ठाऊक असल्यामुळें तें शुक्रवारींच भांडें घेऊन येई. म्हणून त्याचा शब्बाथ त्याच्या विश्वासावर जितका उभा होता तितकाच घाण्याच्या मालकीवर उभा होता. कचेरी दुसऱ्याची. तेथें कोणी धर्माविरुद्ध बोलत नाहीं, कोणी देव सोडावयास सांगत नाहीं. तुमचा देव कोणता हें कोणी विचारीतहि नाहीं. हजेरीचा पट तेवढा पुढें येतो. अंतियोखाचा हुकूम ऐकून मनुष्य डोंगरांत पळतो. हजेरीपटास भिऊन कोणी पळाल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं.

दुसऱ्याचें कशास, आमचेंच सांगतों. सेमिनरींत जाण्यापूर्वीं आम्ही तीन वर्षें एका कारखान्याच्या कचेरींत कारकून होतों. वर्षाअखेरीची मालाची मोजणी तेथें रविवारीं ठेवीत. पहिल्या वर्षीं वरिष्ठांनीं आम्हांस बोलावून, अडचण असेल तर सांगा, असें अगदीं सौजन्यानें विचारलें. अडचण नाहीं, असें आम्हीं उत्तर दिलें. त्या दिवशीं उपासनेच्या वेळीं आम्ही गोदामांत खोकीं मोजीत होतों व मनांत फार अस्वस्थ होतों. दुसऱ्या वर्षीं अस्वस्थता थोडी कमी. तिसऱ्या वर्षीं वरिष्ठांनीं विचारलेंहि नाहीं, कारण यादींत आमचें नांव आम्हींच आधीं घातलें होतें. आम्हांवर कोणीं जुलूम केला असें सांगतां आलें असतें तर आज बरें वाटलें असतें.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, जेथें राज्यच आपल्या धर्माचें आहे तेथें हा पेंच उरत नसेल. बेने इस्राएल लोकांस त्याचाहि अनुभव आला. १९४८ सालीं इस्राएल देश स्थापन झाला व पुढील वर्षांत त्यांच्यांतील बहुतेक लोक तिकडे गेले. तेथें शनिवार हाच सुटीचा दिवस. कचेऱ्या बंद, बहुतेक गांवीं बसगाड्याहि बंद. ज्या दिवसासाठीं कोंकणांत वेगळें नांव पडलें तो दिवस तेथें सर्वांचाच. परंतु सुटी मिळाली म्हणजे शब्बाथ झाला असें नव्हे. त्या देशांतील कित्येक यहूदी धर्माचार मानीत नाहींत. त्यांचा शनिवार समुद्रकांठीं किंवा घरीं विश्रांतींत जातो. उलट, कोंकणांत ज्यांच्या यहूदीपणाविषयीं शेजाऱ्यांनीं शंका घेतली नाहीं त्यांच्याविषयीं तेथील धर्माधिकाऱ्यांनीं शंका घेतली. लग्न व घटस्फोट यांचे नियम ह्यांच्या पूर्वजांनीं बरोबर पाळले होते काय, म्हणून लग्नाच्या वेळीं त्यांच्या आईआजीपर्यंतचा वंश तपासावा, असा आदेश १९६२ च्या सुमारास निघाला. त्यावर मोठी चळवळ झाली, लोक रस्त्यावर बसले, व १९६४ च्या ऑगस्टांत तेथील लोकसभेनें ते सर्व बाबतींत पूर्ण यहूदी आहेत असें जाहीर केल्यावर तो आदेश बदलावा लागला. परदेशांत शनिवार जपलेल्यांस स्वदेशांत पुरावा मागितला गेला. आजहि ते तेथें मलिदा करतात, आणि मराठींत "मायबोली" नांवाचें नियतकालिक त्यांनीं काढलें.

इकडे कोंकणांत त्यांचीं घरें थोडीं उरलीं. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं यहूदी समाजास अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. सार्वजनिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात असा त्यांचा नियम आहे. खेड्यांतील मंदिरांत तेवढे जमविणें कठीण झालें असून सणासुदीस मुंबई-ठाण्याहून माणसें येतात तेव्हां संख्या भरते.

असो. आतां त्या दोघां बांधवांकडे वळूं. आंबा पिकावयाचा थांबत नाहीं, गाडी रात्रीं वाशीच्या बाजाराकडे निघते, व रविवारीं कामास न येणाऱ्यास सोमवारींहि बोलावीत नाहींत. विहिरींत पडलेला बैल शब्बाथ दिवशीं काढावा, हा प्रभूचा दाखला येथें लावावा काय, याचा आम्हीं विचार केला. आमच्या मतें तो येथें लागत नाहीं. बाजारभाव उतरण्याची भीति हा विहिरींत पडलेला बैल नव्हे. परंतु भीति बागवाल्याची आहे, पेट्या भरणाऱ्याची नव्हे. शब्बाथाची आज्ञा नीट वाचा: ती घरधन्यास उद्देशून आहे, व त्याच्या दासास, दासीस, बैलास, गाढवास आणि वेशींतील परक्यास विसावा मिळावा असें ती त्यासच सांगते. जुंपलेल्या बैलास, तूं शनिवारीं कां फिरलास, असें शास्त्र विचारीत नाहीं.

ह्याचा अर्थ मजुरास कांहींच करणें नाहीं, असा आम्ही घेत नाहीं. खाणें माझ्या हातांत, असें यजमान म्हणाले. ज्याच्या हातीं दिवस नाहीं त्याच्या हातीं एखादा तास असतो. तो त्यानें सोडला तर त्याचा दोष बागवाल्यावर घालतां येणार नाहीं. आणि आमच्या मंडळ्यांत ज्यांचीं स्वतःचीं कलमें आहेत, दुकानें आहेत, ज्यांच्याकडे रविवारीं चार माणसें कामास असतात व जे स्वतः पहिल्या बांकावर बसलेले असतात, त्यांच्याविषयीं प्रभुभोजनाचा प्रश्न आजपर्यंत कोणत्याहि उपदेशकांनीं आम्हांस लिहून विचारला नाहीं. घाणा ह्यांचा आहे.

मिठबावहून परत येतांच आम्हीं पत्राचें उत्तर लिहिलें. त्या दोघांस दूर ठेवूं नये. हंगाम संपेपर्यंत रविवारीं दिवेलागणीनंतर त्यांच्या खोपटापाशीं जाऊन उपासना घ्यावी, मग दोघेच असले तरी चालेल. आणि पावसाळ्यांत मंडळीच्या सभेंत बागवाले व दुकानदार सभासदांचा विषय काढावा, असें आम्हीं कळविलें. उपदेशकांचें उत्तर ज्येष्ठांत आलें. ते तीन रविवार बसगाडीनें गेले. पहिल्या रविवारीं दोघेहि आले, हाताचा चीक अजून निघाला नव्हता. नंतरचे दोन रविवार एकच आला. दुसरा दमून निजला होता व त्यास उठविलें नाहीं. सभेच्या विषयासंबंधीं मात्र त्यांनीं लिहिलें आहे कीं, तो आपण स्वतः येऊन काढाल तर बरें. आम्ही श्रावणाच्या पहिल्या आठवड्यांत जाणार आहों.